आकसाची पट्टी

दुधाची पिशवी काढायला आईनं फ्रिज उघडला
आणि त्याला टेकवलेली माझी गिटार
आडवी झाली.
आवाज फार नव्हता, ऊस मोडावा तेवढाच.
मान कटली डोक्याच्या जरा खाली.
डोकं लोंबत राहिलं सहा तारांवर.

गिटार फ्रिजला कोण टेकवतं, असं आईनं विचारलं नाही.
एवढ्याशा खोलीत दुसरं काय आहे टेकायला,
असं मीही म्हटलं नाही.
मेल्विन फोनवर म्हणाला, टाकून दे, नवी घे हप्त्यावर.
हिचेच चार हप्ते बाकी आहेत, मेल्विन.

बाबा आले, चष्मा कपाळावर.
एकतीस वर्षं वागळे इस्टेटच्या फाउंड्रीत पॅटर्न मेकर.
मान मोडेस्तोवर काम, असं लोक नुसतं म्हणतात.
पंपाचं पोट, व्हॉल्व्हचा गळा, सगळं आधी लाकडात.
लाकूड वाळूत दाबायचं, अलगद उचलायचं,
मागे उरलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं.
लोखंड गेलं देशभर.
लाकूड परत मांडणीवर, नंबर टाकून.

ऐरोलीची नोकरी मी सोडली तेव्हापासून
आमच्यात आकस होता असं नाही,
वाक्यं मात्र आकसली होती.
जेवलीस? हो.
किल्ली? घेतली.

"आधी तारा सैल कर," ते म्हणाले.
"ताणात असताना काही जुळत नाही."
हे बरंच लांब वाक्य होतं.

पेटीतून त्यांनी पितळी पट्टी काढली,
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून एक सूत मोठा.
बिडाचं असंच, निवताना आकसतं,
म्हणून आधीच थोडं जास्त धरून चालायचं.
लहानपणी मी त्याच पट्टीनं भूगोलाचे नकाशे आखायचे
आणि माझा महाराष्ट्र दरवेळी वहीबाहेर जायचा.

मानेवर पट्टी धरली, थांबले, परत ठेवली.
"इथं काही आकसायचं नाही.
आईचा टेप आण."

मग मेडिकलमधून सिरिंज, बिनसुईची.
गोंद पाण्यानं किंचित पातळ.
भेगेत फुंकर, भेगेत गोंद, मी डोकं धरलेलं,
त्यांचं अर्धं तर्जनीबोट (उरलेलं बँडसॉनं नेलं)
रेषेवरून पुढे-मागे.
मानेच्या पाठीची गोलाई उलटी कोरून घेतली
जुन्या पॅटर्नच्या तुकड्यात, लाल रंग अजून तसाच.
मध्ये घातली तीच दुधाची पिशवी, धुऊन, कापून,
नाहीतर साचाही चिकटून बसेल.
वरून दोन शिकंजे,
त्यांच्यावर सायकलची ट्यूब, घट्ट.
बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं लगेच.
"उद्या याच वेळेपर्यंत हात लावायचा नाही."

रात्री दोनला पाणी प्यायला उठले
तर बाबा टॉर्च घेऊन शेजारी बसलेले.
हात लावत नव्हते.
नुसते बघत होते.

दुसऱ्या संध्याकाळी ट्यूब सोडली.
डोळे मिटून त्यांनी अंगठा फिरवला.
"कळतंय," म्हणाले, "केसाएवढं."
मला कळलं नाही.
त्यांनी पुन्हा पॉलिश पेपर घेतला.
मग पुन्हा.

तारा चढवताना विचारलं, "सगळ्या मिळून ताण किती?"
पंचेचाळीस किलो असेल, मी म्हटलं.
"म्हणजे सिमेंटची गोणी जवळजवळ," म्हणत
ते खाली बसले.

पहिली तार. दुसरी.
तिसऱ्या तारेला काहीतरी करकरलं,
आमचे दोघांचे चेहरे पांढरे.
वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढत होतं.
चौथी. पाचवी.
जाड तारेची खुंटी पिळताना बघितलं तर
बाबांचा तळवा गिटारच्या डोक्याखाली,
न टेकवता, कागद जाईल एवढ्या अंतरावर.

भाकरी थापायची थांबवून
आईनं आतून विचारलं,
"मान धरली का?"